नव्वदचा काटा

मास्तरांना हायवेची भीती वाटू लागली होती, आणि ही गोष्ट त्यांनी पाच आठवडे ओठांबाहेर येऊ दिली नव्हती. सांगणार तरी कुणाला, आणि कुठल्या तोंडानं? एकोणचाळीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवलं होतं. दातांचे डॉक्टर, शाळेतल्या बाई, बेकरीवाला, कोर्टातला एक जज्जसुद्धा त्यांच्या शेजारी बसून, तळहाताचा घाम पँटला पुसत क्लच सोडायला शिकला होता. एवढ्या वर्षांत त्यांच्या नावावर एक दंड नव्हता. गाडीवर ओरखडे होते, पण ते सगळे विद्यार्थ्यांचे. असा माणूस म्हातारपणी म्हणणार, की मला रस्त्याची भीती वाटते? पट्टीच्या पोहणाऱ्यानं बादलीला घाबरावं, तसं ते झालं असतं.

भीती सुरू झाली ती एका गुरुवारी. गुरुवार हा दवाखान्याचा दिवस. मास्तरांच्या बायकोला रक्ताचा आजार होता आणि दर आठवड्याला चार तास पडून शिरेतून औषध घ्यावं लागे. ती सोय मोठ्या शहरातच होती. घरापासून हायवेच्या तोंडापर्यंत पंधरा मिनिटं, मग बेचाळीस किलोमीटर हायवे, मग शहरातले सिग्नल. मुलगा परदेशात. शेजारीपाजारी भले होते, पण दर गुरुवारी कुणापुढे तोंड वेंगाडणार? "मी आहे ना," असं मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, आणि तिथं तो विषय संपला होता.

त्या गुरुवारी ते नेहमीसारखे हायवेला लागले. एकशेदहापर्यंत जायला परवानगी होती, पण मास्तर नव्वद ओलांडत नसत. गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकली, काटा नव्वदवर आणला आणि पाय तिथंच स्थिर ठेवला. दोन-तीन मिनिटांतच त्यांच्या पोटात कसंतरी झालं. रस्ता अंगावर येत होता. दुभाजकाचे खांब एरवी एकामागून एक मागे सरायचे, ते आज धावत होते. लांबवर दिसणारा ट्रक पापणी लवेपर्यंत पुढ्यात आला. स्टिअरिंग हातात बारीक थरथरत होतं. त्यांनी काट्याकडे पाहिलं. नव्वद. आरशात पाहिलं, पुन्हा काट्याकडे पाहिलं. नव्वद, तसूभरही इकडे नाही की तिकडे नाही.

काटा असा स्थिर होता याचं त्यांना खरं तर कौतुक होतं. आधीचा स्पीडोमीटर वर्षभर अंगात आल्यासारखा नाचायचा आणि शेवटी एके दिवशी शून्यावर निपचित पडला. मिस्त्रीनं भंगारातून दुसरा आणून बसवला. चारच दिवस झाले होते त्याला. गावातल्या गावात मास्तर काट्याकडे बघायचेच नाहीत. तिथं पायाला आणि कानाला सगळं कळे. काटा लागायचा तो हायवेवर.

कारण हायवेवर माणसाचं अंग खोटं बोलतं, हे त्यांनी स्वतःच हजार जणांना शिकवलं होतं. अर्धा तास जोरात गेलं की जोर जोर वाटेनासा होतो. म्हणून त्यांचा पाठ ठरलेला असे, "डोळ्यांवर विसंबू नका, पोटावर विसंबू नका, काट्यावर विसंबा. काटा म्हणजे घाबरट आत्या. नव्वद म्हणाली तर समजायचं, सत्याऐंशी असेल. फुगवून सांगेल, पण कमी करून कधी सांगायची नाही. कारखान्यातच तसा बनवतात." विद्यार्थी हसत आणि ते त्यांच्या कायमचं लक्षात राही.

आता तोच पाठ मास्तरांच्या मानगुटीवर बसला. काटा नव्वद म्हणतोय, म्हणजे वेग नव्वदच आहे, झाला तर थोडा कमीच. मग अंगावर येतंय ते काय? रस्ता तोच, गाडी तीच, काटा ठीक. उरलं कोण?

कारणं शोधायला गेलं की सापडतात. त्याच महिन्यात मास्तरांनी कानाचं यंत्र घेतलं होतं, त्यामुळे इंजिनाची घरघर मोठी वाटत असणार. आपण सगळ्यांना मागे टाकत चाललोय हेही त्यांच्या लक्षात आलं होतं. पण हायवेवर नवे कॅमेरे बसल्यापासून लोक जीव मुठीत धरून चालवतात, असं बेकरीवाला सांगत होता. पेट्रोलही जास्त जात होतं. गाडी म्हातारी झाली, दुसरं काय.

एवढं करूनही मनाचं समाधान होईना. एका सकाळी त्यांनी न्हाणीघराचं दार लावलं आणि एका हातानं लाकडी पट्टी सोडून दुसऱ्या हातानं झेलायला सुरुवात केली. चपळाई तपासायची ही त्यांची जुनी युक्ती होती. पट्टी किती सेंटिमीटर घसरल्यावर पकडली, त्यावरून माणूस ब्रेक किती लवकर लावेल ते कळतं. बाहेरून बायकोनं विचारलं, "अहो, आत काय आपटताय?"

"काही नाही. साबण निसटतोय."

पट्टी दरवेळी सोळा-सतरावर पकडली जात होती. या वयाला उत्तमच. मग ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. तोही त्यांचाच विद्यार्थी. त्यानं सगळं तपासलं आणि सांगितलं, "मास्तर, माझ्यापेक्षा तुमची नजर चांगली आहे." डोळ्यांत दोष निघाला असता तर बरं झालं असतं. डोळे ठीक, हात ठीक, मग डोकंच राहिलं.

त्यांच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी त्याला जिन्याची भीती वाटू लागली. चाळीस वर्षं ज्या जिन्यानं चढला-उतरला, त्याच्या वरच्या पायरीवर कठडा धरून उभा राहायचा आणि म्हणायचा, "हा एवढा उंच कधी केला रे?" सगळे हसले होते. मास्तरही हसले होते. मग त्याला घड्याळ चुकीचं दिसू लागलं. सहाला साडेनऊ म्हणायचा आणि हट्टानं म्हणायचा. दोन वर्षांत त्यानं मास्तरांना ओळखणं सोडलं.

त्यामुळे मास्तर गुरुवारला धास्तावू लागले. ते वीस मिनिटं आधी निघू लागले, म्हणजे घाई नको. आणि वॉर्ड उघडायच्या कितीतरी आधी दोघं बाहेरच्या बाकावर येऊन बसू लागली.

"आज फारच लवकर आलो," बायको म्हणायची.

"गर्दी नव्हती."

गाडीत ती पूर्वी बोलायची. पाट्या मोठ्यानं वाचायची, कुणाचं लग्न कसं मोडता मोडता राहिलं ते सांगायची. आताशा हायवे लागला की डोळे मिटून घ्यायची. औषधानं थकते बिचारी, झोपू दे, असं मास्तर स्वतःला सांगत आणि मनातून त्यांना सुटल्यासारखं होई. ती जागी असती तर तिला त्यांचे हात दिसले असते. स्टिअरिंग ते इतकं आवळून धरत की बोटांची पेरं पांढरी पडायची.

चौथ्या गुरुवारी पाऊस होता. पुढे कुठंतरी काहीतरी अडलं होतं आणि लाल दिवे पेटले. मास्तरांनी जिथं ब्रेक लावायला हवा तिथंच लावला. चाळीस वर्षं त्या अंतरावर गाडी आरामात थांबली होती. आज ती थांबेचना. पुढच्या टँकरची मागची बाजू वाढत वाढत पूर्ण काच व्यापून बसली. तिच्यावरचा गंजका बोल्ट, चिखलाचे ओघळ, अर्धवट पुसलेला नंबर, सगळं मास्तरांना एकेक करून दिसलं. गाडी तिरपी घसरली आणि टँकरपासून हातभर अंतरावर थांबली. बायकोची पिशवी पायाशी उलटली होती.

वायपर फिरत होते. मग ती वाकली, रिपोर्टांचे कागद गोळा केले आणि म्हणाली, "जेवणाचा डबा नाही उघडला."

"ओला रस्ता," मास्तर म्हणाले.

पुढचा गुरुवारही तसाच गेला, आणि त्यानंतरच्या सोमवारी पाकिटं आली. एक नाही, तीन. मास्तरांनी दारातच उभ्या उभ्या फोडली. पहिल्यात लिहिलं होतं : मोजलेला वेग १२९, सूट वजा जाता १२६, मर्यादा ११०. दुसऱ्यात १३१. तिसऱ्यात पुन्हा १२९. तिन्ही गुरुवार, तिन्ही सकाळच्या वेळा. खाली बारीक अक्षरात, तीन नोंदी झाल्यास वाहन चालवण्याचा परवाना तीन महिने स्थगित होऊ शकतो.

नवल असं की मास्तरांना आधी हायसं वाटलं. चूक बाहेरची होती तर. कॅमेरेच बिघडलेत. नव्वदनं जाणाऱ्या माणसाला एकशेतीस लावतात म्हणजे काय मोगलाई आहे? बुधवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते गावातल्याच, कॅमेऱ्यांच्या दंडाच्या कार्यालयात गेले. बायकोला सांगितलं, पेन्शनचं काम आहे.

तिसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली होती, काउंटरवर काच, काचेला बोलायपुरतं भोक. पलीकडे चष्मा कपाळावर चढवलेली एक कारकून बाई होती. तिनं मास्तरांचं सगळं ऐकून घेतलं, अगदी घाबरट आत्येपर्यंत.

"काका, बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली, "पण हे बघा. कॅमेरा दर सहा महिन्यांनी तपासतात, हा मागच्या महिन्याचा दाखला. त्यातून तीन किलोमीटर आम्ही आधीच सोडून देतो. आणि तुमचे हे तीन फोटो तीन वेगळ्या कॅमेऱ्यांचे आहेत. एक खोटं बोलेल. तिघं ठरवून तेच खोटं बोलतील का?"

मास्तरांनी दाखल्यावरची तारीख वाचली.

"फोटो बघायचाय? तुमचा हक्क आहे." तिनं स्क्रीन वळवली.

फोटो राखाडी होता पण स्वच्छ. स्टिअरिंगमागे एक म्हातारा मान पुढं काढून बसला होता. तो आपण, हे मास्तरांना क्षणभर पटलं नाही. मग त्यांची नजर शेजारच्या सीटवर गेली. बायको झोपलेली नव्हती. तिनं डोळे घट्ट मिटले होते, इतके की सगळा चेहरा डोळ्यांभोवती गोळा झाला होता. एका हातानं दारावरची कडी पकडली होती, दुसरा हात सीटच्या कडेला रुतला होता. दुसऱ्या फोटोतही तसंच. तिसऱ्यातही.

"काकी घाबरल्यात हो," कारकून बाई हळूच म्हणाली.

मास्तर जिन्यानं खाली आले. रस्ता ओलांडायच्या ठिकाणी ते उभे राहिले, सिग्नलमधला हिरवा माणूस दोनदा पेटून विझला, तरी उभेच राहिले. तीन कॅमेरे खोटे नाहीत. काटा कमी दाखवत नाही. मग एकच गोष्ट उरत होती आणि ती इतकी भयंकर होती की तिच्याकडे सरळ बघवेना. काटा एकशेतीसवर असतो, आणि आपल्याला तो नव्वदवर दिसतो. भावाला घड्याळ दिसायचं, तसा.

गाडी पलीकडच्या गल्लीत लावली होती. तिच्यात बसायचं धाडस होईना. अर्धा तास ते बोनेटला टेकून उभे होते. तपासायचं कसं? हायवेवर दर किलोमीटरला पाटी असते आणि दोन पाट्यांमधले सेकंद मोजून वेग काढता येतो, हा पाठ तर त्यांचाच. चाळीस सेकंद म्हणजे नव्वद. छत्तीस म्हणजे शंभर. पण ज्याला काटा खोटा दिसतो, त्याला घड्याळ खरं कसं दिसेल? दुसऱ्याचे डोळे हवेत. आणि ज्याचे डोळे घ्यायचे त्याला सगळं सांगावं लागणार.

शेवटी गल्ल्यागल्ल्यांतून, माणसाच्या चालीनं गाडी आणत ते घरी आले तेव्हा बायको स्वयंपाकघरात टेबलाशी गोळ्यांच्या डबीत आठवड्याच्या गोळ्या भरत होती. सोमवार, मंगळवार, बुधवार, खणाखणांतून. मास्तर समोरच्या खुर्चीवर बसले.

"पेन्शनचं काम झालं?" तिनं वर न बघता विचारलं.

"पेन्शनचं काम नव्हतं." त्यांनी तिन्ही कागद टेबलावर ठेवले. "मला भीती वाटतेय गं."

तिचा हात थांबला.

मग मास्तरांनी सांगितलं, जसं जमेल तसं. रस्ता अंगावर येतो ते, न्हाणीघरातल्या पट्टीचं, डोळ्यांच्या डॉक्टरचं. भावाचं नाव घेताना ते खिडकीकडे बघत राहिले. फोटोतल्या तिच्या चेहऱ्याबद्दल मात्र त्यांच्यानं बोलवलं नाही. शेवटी म्हणाले, "मला कुणीतरी शेजारी बसून काटा वाचून दाखवायला हवाय. एकदाच. तुला नको असेल तर समोरच्या टेलरबाईंना विचारतो."

तिनं डबीचं झाकण लावलं. "चला," ती म्हणाली. "चपला घालते."

"आत्ता?"

"मग काय, उद्या सकाळी सलाईन लावायला जाताना बघायचं का?"

दुपारी तीनच्या सुमाराला ती दोघं हायवेला लागली. ऊन होतं, रस्ता कोरडा, गर्दी बेताची. मास्तरांचं मनगटी घड्याळ बायकोच्या हातात होतं. हायवेच्या उतारावर मास्तरांनी तिला काय करायचं ते सांगितलं.

"आता मी वेग वाढवतो. मला हवा तो आकडा दिसला की पाय तिथंच धरीन. मग तू वाच. मला काय दिसतंय ते मी सांगणार नाही."

तिनं मान हलवली. गाडीनं वेग घेतला. खांब पळायला लागले, स्टिअरिंग थरथरायला लागलं. एका मोटारीला मागे टाकलं, मग एका बसला. मास्तरांनी ओठ आवळले. "वाच."

ती त्यांच्या बाजूला झुकली. बायकांनी दुकानात साडीचा काठ निरखावा तसं तिनं काट्याकडे निरखून बघितलं.

"नव्वद," ती म्हणाली.

"नीट बघ."

"नीटच बघितलं. नऊवर शून्य. त्याच्या बरोब्बर डोक्यावर काटा आहे."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते घाईघाईनं पुसलं, कारण समोरचा रस्ता धूसर होत होता. काटा खरोखरच नव्वदवर होता. डोकं ठिकाणावर होतं. पण रस्ता अजूनही तसाच अंगावर येत होता, आणि एक भीती गेली त्या जागेवर दुसरी येऊन बसत होती.

"पाटी येतेय," ते म्हणाले. "मी 'आता' म्हटलं की सेकंद बघ. दुसऱ्या पाटीला पुन्हा 'आता' म्हणेन." पाटी आली. "आता."

ती घड्याळावर वाकली. मास्तर मनातल्या मनात मोजायचं नाही म्हणून दात आवळून बसले होते. पुढची पाटी दिसली, आणि दिसली म्हणेपर्यंत आलीच. "आता."

"अठ्ठावीस."

"चाळीस असणार."

"अहो, अठ्ठावीस. मला आकडे येतात."

"पुन्हा एकदा. आता."

गाडीत फक्त वारा ऐकू येत होता. पुढे दोन ट्रक होते आणि ते वेगानं मोठे होत होते. मास्तरांना टँकरचा तो गंजका बोल्ट आठवला. "आता."

"अठ्ठावीस," ती म्हणाली. "ह्याचा अर्थ काय?"

चाळीस म्हणजे नव्वद, छत्तीस म्हणजे शंभर, तीस म्हणजे एकशेवीस. पुढचं गणित मास्तरांनी मोठ्यानं केलं नाही. त्यांनी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, आरशात बघितलं, इंडिकेटर दिला आणि हळूहळू, अंडं उतरवावं तशी गाडी कडेच्या पट्टीवर आणून उभी केली. हँडब्रेक ओढला. मग त्यांचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. तिला एकेक बोट उकलावं लागलं.

"एकशेअठ्ठावीस," ते म्हणाले. "काटा खोटा आहे. पाच आठवडे मी तुला घेऊन एकशेतीसनं चाललोय. पावसात. त्या टँकरच्या वेळी..."

बाजूनं एक मोठा ट्रक गेला आणि सगळी गाडी हलली.

"पोटाला कळत होतं," मास्तर म्हणाले. "मीच ऐकलं नाही. तुला कळत होतं ना?"

"कळत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू?" तिनं घड्याळ हातात फिरवलं. "चाळीस वर्षांत तुम्ही कधी जोरात चालवलं नाही. माझं दुखणं सुरू झालं आणि तुम्ही असे सुटलात. आधी वाटलं, कंटाळा आला असेल दर गुरुवारचा, लवकर उरकायचं असेल. चेहरा तर तुमचा असा, की विचारायची सोय नाही." ती थांबली. "मग त्या पावसात वाटलं, तुम्ही ठरवूनच करताय. दोघांचं एकदम."

ऊन होतं, काचा बंद होत्या, तरी त्यांच्या अंगावर शहारा आला.

"आणि तरी पुढच्या गुरुवारी बसलीस?"

"बसले. म्हटलं, तसं असेल तर तसं." मग ती त्यांच्याकडे वळली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "पण डोळे उघडे ठेवायची काही हिंमत झाली नाही."

मास्तरांनी तिचा हात धरला. सुयांनी काळीनिळी झालेली हाताची ती मागची बाजू त्यांनी अंगठ्यानं हळूहळू चोळली. किती वेळ गेला कोण जाणे. एक पिवळा दिवा लावलेली रस्त्याच्या मदतीची गाडी मागे येऊन थांबली आणि तिच्यातल्या माणसानं काच ठोठावली. "काही बिघडलंय का काका?"

"काटा बिघडलाय," मास्तर म्हणाले.

"ओढून नेऊ?"

"नको. नेतो मी हळू."

परत जायचा प्रश्न होताच. मास्तरांनी हिशेब केला. काटा त्रेसष्टवर ठेवला तर खरे नव्वद. पण त्या काट्याकडे बघण्याचीही त्यांना शिसारी आली. शेवटी बायकोनं रुमालाची घडी काढून डायलवर टाकली. "अंदाजानं चला," ती म्हणाली. "माझ्या पोटात गोळा आला की मी सांगते." तिच्या पोटात गोळा आला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मास्तर हायवेवर काट्यावाचून चालले आणि सगळे त्यांना मागे टाकून गेले.

सरळ गॅरेजवर गेले. मिस्त्रीनं तेलकट हातानं डॅशबोर्ड उघडला, मीटर बाहेर काढला आणि उजेडात धरला. डायलच्या खालच्या कडेला मुंगीएवढ्या अक्षरात एक आकडा होता : १०००. मग त्यानं कोपऱ्यातल्या खोक्यातून मास्तरांचा मेलेला जुना मीटर शोधून काढला. त्याच्यावर ७०० होता.

मिस्त्रीचा चेहरा उतरला. "चाकांबरोबर फिरणारी केबल एका किलोमीटरला किती फेरे घेते, त्याचा आकडा आहे हा. हा मीटर दुसऱ्या गाडीचा निघाला. लहान चाकांच्या टेम्पोचा. तुमच्या गाडीत केबल सातशेच फेरे घेणार आणि हा हजार झाल्याशिवाय एक किलोमीटर मोजणार नाही." तो खाली बघत म्हणाला, "मास्तर, भोकं जुळली, केबल बसली, काटा हलला. मी आकडा बघितलाच नाही."

मास्तरांना राग यायला हवा होता. ते स्टुलावर बसले आणि पाणी मागितलं. हाच मिस्त्री सतराव्या वर्षी त्यांच्याकडे शिकला होता, आणि परीक्षेच्या दिवशी मास्तरांनीच त्याला सांगितलं होतं की काट्यावर विसंब.

मधले गुरुवार मास्तरांनी कडेकडेनं, हळूहळू गाडी नेत कसेबसे काढले. महिन्याभरानं सुनावणी झाली. मास्तरांनी दोन्ही मीटर कापडी पिशवीतून नेले होते. टेबलामागचा अधिकारी तरुण होता. त्यानं दोन्ही आकडे भिंगातून बघितले, मिस्त्रीचं पत्र वाचलं आणि मान हलवली. "मला पटतंय. पण कायदा म्हणतो, गाडीतली साधनं ठीक ठेवायची जबाबदारी मालकाची. समोर कुणी आडवं आलं असतं, तर त्याला काट्याचं काय?" दंड कायम राहिला आणि परवाना तीन महिन्यांसाठी गेला. मास्तरांनी सही केली. बाहेर आल्यावर बायकोला म्हणाले, "बरोबर बोलला तो." ही तीन महिन्यांची रजा त्यांना मनातून हवीहवीशी वाटत होती, हे मात्र त्यांनी घरी गॅलरीत येऊन बसेपर्यंत सांगितलं नाही. सांगितल्यावर ती म्हणाली, "मलाही."

गुरुवारचा भार टेलरबाईंनी उचलला. टेलरबाई म्हणजे समोरच्या इमारतीत ब्लाउज शिवणाऱ्या, मास्तरांच्या सगळ्यांत चिवट विद्यार्थिनी. परीक्षेत पाच वेळा नापास होऊन सहाव्यांदा पास झाल्या होत्या, आणि तेव्हापासून तोंडात टाचण्या धरल्यासारखे ओठ मिटून गाडी चालवत. गाडी मास्तरांचीच; मास्तर मागच्या सीटवर, बायको पुढे.

पहिल्या गुरुवारी हायवेचा उतार आला आणि मास्तरांनी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली. मिस्त्रीनं आता कंपनीचा नवा मीटर बसवला होता, दोनदा पाट्यांवर मोजून खात्री केली होती. तरी खांब पळायला लागले तसा त्यांचा श्वास आखूड झाला. डोक्याला कळत होतं, पण अंग ऐकत नव्हतं.

"किती आहे?" त्यांनी विचारलं.

"ऐंशी, मास्तर," टेलरबाई आरशातून म्हणाल्या. "तुम्हीच शिकवलंय ना, काट्यावर विसंबायचं. बघा, जराही हलत नाहीये."

"ते दिसतंय मला. काट्याचं नाही म्हणत मी." पुढचे शब्द काढायला त्यांना वेळ लागला. "मला भीती वाटतेय. जरा हळू घ्याल का?"

टेलरबाईंनी चमकून आरशात बघितलं. एकोणचाळीस वर्षांच्या मास्तरांकडून त्यांनी असलं काही ऐकलं नव्हतं.

"घ्या हो हळू," बायको म्हणाली. "आम्हाला काही घाई नाही."

टेलरबाईंनी पाय उचलला. मागून एका ट्रकनं जोरात हॉर्न दिला आणि तो बाजूनं निघून गेला. बायको खिडकीबाहेर बघत होती, आणि थोड्या वेळानं तिनं पाट्या वाचायला सुरुवात केली.